वही अपुरी की बेरीज चुकली?

महिनाअखेरीस घरखर्चाचा ताळा जुळला नाही, म्हणजे शंका दोनच असतात. एखादा खर्च वहीत लिहावयाचा राहिला असेल, नाही तर बेरजेतच चूक झाली असेल. आकाशाचा हिशेब मांडणाऱ्यांपुढेही हाच पेच उभा राहत आला आहे.

युरेनस ग्रह न्यूटनच्या नियमाने आखलेल्या वाटेवरून किंचित ढळतो, असे एकोणिसाव्या शतकात दिसून आले. फ्रेंच गणिती लव्हेरिए याने नियमावर संशय घेतला नाही. पलीकडे एखादा अज्ञात ग्रह असावा असे मानून त्याने त्याची जागा गणिताने काढली, आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून जवळजवळ तेथेच सापडला! पुढे बुधाच्या कक्षेतही फरक आढळताच त्याने तोच उपाय योजला. कल्पित ग्रहाचे ‘व्हल्कन’ असे बारसेही झाले. ग्रह मात्र कधीच सापडला नाही. शतकाला ४३ विकलांचा तो फरक १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांताने भरून काढला.

आज हाच वाद दीर्घिकांविषयी आहे. त्यांच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात, की दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने ते जागेवर राहू नयेत. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, तेथे न दिसणारे कृष्णद्रव्य आहे. इस्रायलचे मिलग्रोम यांनी १९८३ साली निराळेच सुचविले: ओढ अतिशय क्षीण असते तेथे न्यूटनचा नियमच बदलत असावा. ही नुसती लहर नव्हे. अनेक दीर्घिकांची गती या एका कल्पनेने चांगली उलगडते. २००४ साली बेकेनस्टाइन यांनी तिला सापेक्षतेशी जुळणारे रूप दिले.

मग कसोटीचा दिवस उजाडला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेले गुरुत्वतरंग पृथ्वीवर टिपले गेले, आणि अवघ्या १.७ सेकंदांनी तेथलेच गॅमा किरणही येऊन पोहोचले. दोघांच्या वेगांत लाख कोटींत एका भागाचा फरक असता, तरी त्यांच्या आगमनात तासाभराहून अधिक अंतर पडले असते. बेकेनस्टाइनसारख्या सिद्धांतांनुसार तर ते शेकडो दिवसांचे पडावयास हवे होते. वर्षानुवर्षे तपासलेली कित्येक समीकरणे त्या एका घटनेने निकालात निघाली. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही या स्फोटाच्या मागे रेंगाळलेल्या रेडिओ लहरींचा मागोवा घेतला.

तथापि मिलग्रोम यांची मूळ कल्पना मेली नाही. २०२१ साली स्कोर्डिस व झ्लोश्निक यांनी तिला असे रूप दिले, की त्यात गुरुत्वतरंग प्रकाशाच्याच वेगाने जातात. काहींना ही पळवाट वाटेल. आम्हास तसे वाटत नाही. नवे रूपही वेधांना सामोरे जाणारच आहे. शिवाय कृष्णद्रव्याचा एकही कण अनेक दशकांच्या शोधानंतर निर्विवादपणे हाती आलेला नाही, हेही विसरता येत नाही.

अशा घटना अधिक अचूक टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वतरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील.