नऊशे पट, पण काय?

आधी एक कबुली. 10 जानेवारी 2026 च्या शनिवारी हॉस्टेलच्या गच्चीवर तुम्ही कुडकुडत लाईनमध्ये उभे राहिलात आणि दुर्बिणीतून एक करडा, थरथरणारा ठिपका बघून "हां, छान आहे" म्हणत मेसला पळालात, त्याला जबाबदार मी. गुरू नाही, थंडी नाही, दुर्बीण तर अजिबातच नाही. मी, आणि मी हट्टाने घ्यायला लावलेला 4 मिलिमीटरचा आयपीस आणि त्याच्या जोडीचा तीन पट बारलो.

आता पुढच्या टर्मला जिमखान्याकडून क्लबला थोडे पैसे मिळणार आहेत आणि परत तीच चर्चा सुरू झालीये: "किती पटचा घ्यायचा?" म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. (माझी शाळा कॉन्व्हेंट, मराठी लोअर लेव्हल. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असतील तर ती संपादक सरांची कृपा.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपली दुर्बीण सहा इंची, एफ/8 न्यूटनियन. आरसा 150 मिलिमीटरचा, फोकल लेंग्थ 1200. सीनियर्सच्या एका बॅचने तो स्वतः घासून बनवलाय आणि खालची डॉब्सोनियन बैठक आपल्याच वर्कशॉपमधल्या प्लायवूडची आहे. मोटर वगैरे काही नाही, हाताने ढकलायची. दुर्बीण किती पट मोठं दाखवणार हे आयपीसवर ठरतं, म्हणजे आपण डोळा लावतो त्या छोट्या नळीवर. 1200 ला आयपीसच्या फोकल लेंग्थने भागायचं, संपलं. 25 चा लावला तर 48 पट, 10 चा लावला तर 120. माझा 4 चा लावला तर 300, आणि मध्ये तीन पट बारलो घातला की 900! बावीस जणांकडून दीडशे-दीडशे रुपये वर्गणी काढताना मी हाच आकडा सांगत फिरले. नऊशे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

त्या रात्री गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा आणि ठळक, मिथुन राशीत छान वर चढत चाललेला. आणि आम्ही त्याचं वाटोळं केलं. डोळा लावला की आधी अंधार. पापणी काचेला लागतेय. डोकं जरा हललं की चित्र गायब. मग कोणीतरी ओरडणार, "निघून गेला, निघून गेला!" की सीनियर परत येऊन शोधून देणार. मधेच मला गुरूवर एक काळपट डाग दिसला आणि मी "ग्रेट रेड स्पॉट!" म्हणून किंचाळले. डोळा हलवला तर डागही हलला. तो माझ्याच डोळ्यातला कचरा होता! नंतर वाचलं की हे अगदी नॉर्मल आहे. आयपीसमधून बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी म्हणजे आरशाचा व्यास भागिले पट. 150 भागिले 900, म्हणजे 0.17 मिलिमीटर. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलं की डोळ्यात तरंगणारे तंतूच जास्त दिसायला लागतात. आम्ही गुरू दाखवत नव्हतो, लोकांना त्यांचेच डोळे दाखवत होतो.

आता यातलं इंजिनिअरिंग. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. (सरांनी हा शब्द सांगितला तेव्हा मी विचारलं, "काय विकला?") कुठलाही आरसा एका मर्यादेपलीकडचे बारकावे दाखवूच शकत नाही. डॉज यांच्या नियमाप्रमाणे ही मर्यादा 116 भागिले मिलिमीटरमधला व्यास. आपल्यासाठी सुमारे 0.77 विकला. 200 पटीला हे 0.77 फुगून अडीच कलांच्या वर जातं, आणि चांगला डोळा तेवढं सहज वेगळं करतो. म्हणजे आपल्या आरशाकडे जे काही द्यायला आहे ते 200 च्या आसपास देऊन झालेलं असतं. त्याच्या पुढे तुम्ही फक्त तेच मोठं करताय. सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स हातात येते ना, ती ए-थ्रीवर मोठी करून बघा. अक्षर मोठं होतं, पण "6" की "8" ते तरीही कळत नाही. वर उजेडाचं काय? तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. 200 च्या तुलनेत 900 पटीला चित्र वीस पट मंद. म्हणून तो करडा रंग.

व्यासाच्या मिलिमीटरमागे फार तर 2 पट, असा अंगठ्याचा नियम हौशी लोक सांगतात. म्हणजे आपल्याला 300, तेही हवा अगदी शांत असेल तर. आणि आपली गच्ची? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत बसतो. तव्यावरच्या हवेतून पलीकडची भिंत जशी हलताना दिसते, तसा गुरू हलतो, आणि जितके पट जास्त, तितकं ते हलणंही जास्त. त्यात आम्ही दुर्बीण क्लबच्या खोलीतून आणून लगेच लावली, आरसा निवायला वेळच दिला नाही. खाली क्रिकेट ग्राउंडच्या गवतावर तासभर आधी नेऊन ठेवली असती तर कुठलाही नवीन आयपीस न घेता फरक पडला असता. पण ते फुकट आहे ना, म्हणून सुचत नाही.

हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. मला जे म्हणायचंय ते वेगळं आहे. आयपीस निवडण्याची चर्चा नेहमी एकटा माणूस, एक दुर्बीण आणि अख्खी रात्र असं धरून चालते. आपल्याकडे काय असतं? रांग! लेडीज हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद. आठ ते साडेनऊ म्हणजे 5400 सेकंद, आणि त्या दिवशी लाईनमध्ये ऐंशीएक जण. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 67 सेकंद.

पृथ्वी फिरते म्हणून आकाश आयपीसमधून सेकंदाला सुमारे 15 विकला सरकतं (गुरू त्या रात्री विषुववृत्तापासून बराच उत्तरेला होता, त्यामुळे जरा कमी). माझ्या स्वस्तातल्या आयपीसचं दिसणारं वर्तुळ 40 अंशांचं धरा. भागिले 900, म्हणजे खरं आकाश 160 विकला. गुरू एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने बाहेर जायला दहा-अकरा सेकंद! तेवढ्यात डोळा लावायचा, फोकस करायचा आणि "वाव" पण म्हणायचं. आता 6 मिलिमीटरचा, 66 अंशांचा आयपीस घ्या. 200 पट. तोच हिशोब केला तर गुरू 80 सेकंदांच्या वर आत राहतो. एका माणसाचा पूर्ण टर्न! सीनियरने एकदा लावून द्यायचं आणि बघणाऱ्याने नुसतं बघायचं.

म्हणून माझं मत सरळ आहे. आपल्या क्लबने एकच आयपीस घ्यावा, 6 मिलिमीटरचा, रुंद वर्तुळाचा, आणि डोळा काचेपासून निदान 14-15 मिलिमीटर लांब ठेवून बघता येईल असा. ही शेवटची अट लोक विसरतात. माझ्या विंगमध्ये आम्ही नऊ जणी, त्यात सहा चष्मेवाल्या. साध्या प्लॉसल प्रकारात हे अंतर फोकल लेंग्थच्या साधारण पाऊण पट असतं, म्हणजे 4 च्या आयपीसला जेमतेम 3 मिलिमीटर. चष्मा सोडा, पापणी पण मावत नाही. (चष्मेवाल्यांना एक टीप: मोठ्या पटीला चष्मा काढूनच बघा. नंबर फोकसने भरून निघतो, आणि प्रकाशाचा झोत इतका बारीक असतो की सिलिंड्रिकल नंबरही फारसा आड येत नाही. फक्त पुढच्याला चष्मेवाल्याच्या नंतर परत फोकस करावा लागतो, त्यावरून भांडू नका.)

क्लबमध्ये दोन विरोधी मतं आहेत. एक, सूटकेसवाला सेट घ्यायचा: पाच प्लॉसल, एक बारलो, रंगीत फिल्टर, सगळं फोममध्ये मस्त बसवलेलं. दिसतं भारी, मला मान्य. पण आपल्याकडे 25 आणि 10 आधीच आहेत. त्या सेटमधला ग्रहांसाठी नवीन कामाचा जो एखादा निघेल, त्याला तीच पापणीची बोंब. दुसरं मत आमच्या बीईच्या दादाचं, ऑर्थोस्कोपिक घ्या. या मताला मी हसणार नाही. 1880 मध्ये अर्न्स्ट आबे यांनी केलेली ही रचना, फक्त चार भिंगं, आणि मधोमध ग्रह असेल तर चित्र इतकं स्वच्छ की जुने लोक आजही तिचं नाव काढतात. दादा एकटा पहाटे तीनला उठून बघणार असेल तर त्याने खुशाल घ्यावा. पण वर्तुळ लहान, डोळा परत जवळ, आणि लाईनमधल्या एफईच्या मुलीला तो स्वच्छपणा दिसायच्या आत गुरू पळालेला असेल.

त्या रात्रीचा शेवट मात्र सांगायला हवा. सव्वानऊला सगळे गेले होते. दादाने काही न बोलता माझा बारलो काढला आणि जुना 25 चा आयपीस लावला. गच्चीला कुलूप लावायला वॉचमन काका आले. मघाशी ते पण लाईनमध्ये उभे होते आणि सगळ्यांसारखंच "छान" म्हणून गेले होते. आता डोळा लावून बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पट्टे आहेत की याच्यावर. आणि बाजूला हे ठिपके कसले ओळीत?" ते त्याचे चंद्र, असं सांगितलं. काका वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "मग मघाशी हे का नाही दाखवलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 48 पटीला!

गंमत म्हणजे त्या रात्री गुरू सुमारे 46 विकलांचा होता. 48 ने गुणा, तर 36 कलांच्या वर येतं. पौर्णिमेचा चंद्र नुसत्या डोळ्यांना साधारण 31 कलांचा दिसतो. म्हणजे आपल्या सगळ्यात "फालतू" आयपीसमधूनही गुरू चंद्रापेक्षा मोठा दिसत होता. पटत नाही ना? मोठ्या काळ्या वर्तुळात एकटं काही दिसलं की ते लहानच वाटतं. याच गोंधळातून ती दर ऑगस्टमध्ये फिरणारी "मंगळ चंद्राएवढा दिसणार" अफवा आली. 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ खरंच फार जवळ आला होता, 25 विकलांचा. 75 पट दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांच्या चंद्राएवढा दिसेल असं लिहिलेलं होतं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी 75 पट तेवढं गाळलं. मी 900 पट तेवढं ठेवलं आणि बाकीचं गाळलं.

शनीची प्रतियुती 4 ऑक्टोबर 2026 ला आहे. मार्च 2025 मध्ये त्याची कडी आपल्याला अगदी कडेने, रेषेसारखी होती, आता ती हळूहळू उघडतायत. फेब्रुवारी 2027 मध्ये मंगळ, पण फक्त 14 विकलांचा, तिथे 200 पट खरंच लागणार. त्याआधी निर्णय घ्यायचाय. नव्या टर्मच्या पहिल्या मीटिंगला मी माझा 4 चा आयपीस आणि बारलो घेऊन येणार आहे, आणि ओळखीच्या एका दुर्बीणवाल्याकडून 6 चा एका रात्रीसाठी मागून आणणार आहे. आकाश मोकळं असेल तर दुर्बीण ग्राउंडवर असेल, गच्चीवर नाही. दोन्हीतून बघा आणि मग हात वर करा. वॉचमन काकांना मी आधीच सांगून ठेवलंय, पहिला नंबर त्यांचा.