पाकातल्या कोळंबीची कैफियत

कुरकुरीत तळून मग तिखट-गोड पाकात घोळवलेली कोळंबी आता मुंबई-पुण्याच्या चिनी उपाहारगृहांपुरती उरलेली नाही. जिल्ह्याच्या गावांतल्या ‘फॅमिली रेस्टॉरंट’च्या कार्डावर आणि मत्स्याहारी घरांतल्या रविवारच्या बेतातही तिने आपले ठाणे मांडले आहे. नवागताविषयी आपल्याकडे नेहमी होते तेच तिच्याविषयीही झाले आणि दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, हळद, तिखट, मीठ आणि आगळ एवढ्यावर जी कोळंबी पिढ्यान् पिढ्या तृप्त होती, तिच्या अंगावर साखर चढवणे हा शुद्ध अविचार होय. आणि दुसऱ्या तटाला पाक इतका प्रिय झाला आहे की, त्याखाली कोळंबी आहे की नुसता पिठाचा गोळा, याची चौकशी करण्याचीही त्याला गरज वाटत नाही. माझ्या मते पहिल्या तटाची फिर्याद मुळातच टिकण्यासारखी नाही, आणि दुसरा तट ज्या पदार्थाचा कैवार घेतो त्याचेच रोज वाटोळे करीत असतो. पाक हा ताज्या कोळंबीचा अधिकार आहे. शिळ्या, पाणी प्यालेल्या, पिठात हरवलेल्या कोळंबीवर तो चढवला म्हणजे ते पुरावा दडपण्याचे साधन होते, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

मासळीत साखर हे शब्द कानी पडताच ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांनी फार लांब न जाता गोव्याकडे पाहावे. शिरक्यात वाटलेल्या मिरच्यांच्या मसाल्यात कोळंबी परतून, त्यावर साखरेचा किंवा गुळाचा हात फिरवून केलेले बालचांव तेथील ख्रिस्ती घरांत कितीतरी काळ बरण्यांतून मुरत आलेले आहे, आणि त्या आंबट-तिखट-गोड त्रयीबद्दल कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. शिवाय गोडी ही कोळंबीला परकी आहे हा समजच निराधार होय. तिच्या मांसात ग्लायसिन नावाचे अमिनो आम्ल मुक्त स्वरूपात भरपूर असते आणि ते चवीला गोड असते. ताजी कोळंबी नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून खाल्ली तरी जिभेच्या टोकावर जी मंद माधुरी रेंगाळते, ती या द्रव्याचीच करणी. तेव्हा पाकातली साखर कोळंबीत असलेल्याच गुणाची री ओढते, मात्र मूळ सूर ऐकू येईल इतकाच तिचा आवाज असला पाहिजे, ही अट त्यात गृहीत आहे.

या पदार्थाची वंशावळ पाहिली असता त्याच्या गुणदोषांचा उगमही सापडतो. चीनच्या सिच्वान प्रांतात मिरच्या आणि कडधान्य आंबवून केलेल्या जाळ लगद्यात कोळंबी घालून, रस अंगाशी आटेपर्यंत ती परतण्याची रीत आहे. त्या प्रांतात जन्मलेले चेन केनमिन हे बल्लवाचार्य १९५२ साली जपानात गेले, १९५८ साली त्यांनी टोकियोत ‘शिसेन हान्तेन’ हे उपाहारगृह काढले, आणि जपानी जिभेला हा जाळ सोसवणार नाही हे ओळखून त्यांनी त्यात टोमॅटोचे केचप मिसळून तो सौम्य आणि गोडसर केला. ‘एबी चिरी’ या नावाने तो पदार्थ आज जपानी घरांतून सर्रास शिजतो. इकडे मुंबईत १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात, कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची हे आपले त्रिकूट कायम ठेवून, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉसची नेमणूक केली आणि रस कॉर्नफ्लॉवरने दाट केला. त्यातून कोंबडीचे मांचुरियन जन्माला आले असे सांगितले जाते. आधी तळावे आणि मग रसात परतावे हा दंडक त्यानंतर या इलाख्यातील प्रत्येक चिनी कढईने शिरोधार्य मानला. टोकियोच्या कथेत गोडी ही तिखटाला लगाम घालण्यासाठी आली, आणि मुंबईच्या कथेत कॉर्नफ्लॉवर हा रसाला अंग देण्यासाठी आला. दोघांचेही प्रयोजन स्पष्ट आणि मर्यादित होते. आजच्या पदार्थाची दुर्दशा या दोन सेवकांनी धन्याचे आसन बळकावल्यामुळे झाली आहे.

कुरकुरीतपणाचे सारे रहस्य पाण्याच्या बंदोबस्तात आहे. कोळंबी तेलात पडताच जो सणसणाट उठतो तो वेष्टनातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडण्याचा असतो, आणि ते पाणी गेल्यावर मागे राहिलेला पिठाचा सच्छिद्र सांगाडा दाताखाली मोडतो, त्यालाच आपण कुरकुर म्हणतो. म्हणून सोललेली, दोरा काढलेली, शेपूट तेवढे राखलेली कोळंबी धुतल्यावर फडक्याने निपटून कोरडी करणे हे पहिले कर्तव्य, जे घाईच्या स्वयंपाकघरात सर्वांत आधी टाळले जाते. वेष्टनाला निव्वळ मैदा घेतला तर त्यातल्या चिकाने ते चामट होते. तांदळाची पिठी आणि कॉर्नफ्लॉवर यांत तसा चीक नसल्यामुळे ती दोन्ही मुख्य धरून, चिकटून राहण्यापुरता मैदा मिसळावा आणि गार पाण्यात ते इतके पातळ कालवावे की, त्यातून वर काढलेल्या कोळंबीचा आकार स्पष्ट दिसत राहील. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे आणि एका वेळी कढईत थोडीच कोळंबी सोडावी. कारण गर्दी केली की तेलाचा ताव उतरतो, वाफ रेंगाळते आणि पीठ तेल पिऊ लागते. मध्यम आकाराच्या कोळंबीला दोन मिनिटे पुष्कळ होतात. एरवी तिच्या अंगातला रंग प्रथिनाच्या बंधनातून सुटून नारिंगी झाला म्हणजे ती शिजल्याची खूण पटते. येथे तो पिठाआड दडल्यामुळे आकार हाच एकटा साक्षीदार उरतो. अंगाला अर्धवर्तुळाचा बाक येताच तिला झाऱ्यावर घ्यावे, कारण शेपूट पुढे वळून वेटोळे बसले की मांस चिवट झालेच म्हणून समजावे. क्षणभर विसावा देऊन, तेल आणखी तापवून, अर्धा मिनिट पुन्हा तळली तर आतून वेष्टनात झिरपलेली ओलही निघून जाते.

आता पाक. तळणावर पाक चढवला की ते मऊ पडणारच असे मानणाऱ्यांनी आपल्या पाकातल्या चिरोट्यांची आठवण करावी, ज्यांचे पापुद्रे पाक पिऊनही दुसऱ्या दिवशी मोडतात, कारण सुगरणीने पाक तारेवर आणलेला असतो. दाट पाकातले पाणी साखरेने धरून ठेवलेले असते, त्यामुळे ते पिठात सहज शिरत नाही. पातळ रसातले पाणी मोकाट असते आणि ते क्षणात तळण भिजवते. पाव किलो सोललेल्या कोळंबीला दोन मोठे चमचे साखर किंवा चिरलेला गूळ, तेवढेच पाणी, एक चमचा शिरका, एक चमचा सोया सॉस, सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण आणि भिजवून वाटलेल्या लाल मिरच्या (रंगासाठी ब्याडगी, झणझणीतपणासाठी गुंटूर) एवढा सरंजाम पुरतो. लसूण तेलात गुलाबी झाला की बाकीचे घालून आंच मध्यम ठेवावी आणि नजर हलवू नये. आरंभी कढईत मोठे, विरळ, घाईने फुटणारे बुडबुडे येतात. मग ते लहान होत जातात, एकमेकांना चिकटू लागतात, त्यांचा आवाज जड होतो, आणि उलथने फिरवले असता मागे कढईचा तळ निमिषभर उघडा राहतो. बोटाच्या चिमटीत एक तार धरली जाते तो हाच क्षण. शिरक्याच्या आंबटपणामुळे पाकात साखरेचे कण बसत नाहीत, त्यामुळे लकाकी टिकते. आंच बंद करून कोळंबी त्यात टाकावी, कढई दोनतीनदा उसळावी आणि ताट वाढावे. पाक कोळंबीच्या अंगाला लागलेला असावा; ताटलीत त्याचे तळे साचले तर करणाऱ्याने जाब द्यावा.

हे सारे शास्त्र ताज्या कोळंबीसाठी आहे, आणि खरा मामला येथेच सुरू होतो. मुंबईच्या ससून गोदीत पहाटे राशीभोवती बसून, बोटाच्या एका झटक्यासरशी डोके अलग करीत कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या हाताला जी घाई असते ती केवळ मजुरीच्या हिशोबाची नसते; कोळंबीच्या डोक्यातील ग्रंथीत पाचक रस असतात, ती मेल्यावर ते तिच्याच मांसावर चालून जातात आणि डोके जितका वेळ धडाला राहील तितके मांस पिठूळ होत जाते. बाजारात वाटा उचलण्यापूर्वी कवच अंगाशी घट्ट आहे का, डोके सैल होऊन लोंबत तर नाही ना, डोक्याशी काळे डाग उतरले आहेत का, वास समुद्राचा आहे की नवसागराचा, हे पाहण्याची आपल्या आज्यांची रीत याच ज्ञानावर उभी होती. या परीक्षेत नापास झालेली कोळंबी आमटीत लगेच पकडली जाते. जाड पिठाच्या वेष्टनात आणि लाल पाकात मात्र ती बेमालूम खपते. पुष्कळ ठिकाणी हा पदार्थ कार्डावर येण्याचे कारण पाककलेची उमेद नसून ही सोय आहे, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

गोठवलेल्या मालाची कथा याहून सूक्ष्म आहे. थंडीने मांस सुकू नये म्हणून गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर चढवतात, आणि तो रास्तही आहे. पण बर्फ हाही वजनात मोजला गेला म्हणजे गिऱ्हाईक कोळंबीच्या भावाने पाणी विकत घेते. खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्सच्या नियमांत हा थर वगळूनच निव्वळ वजन लिहावे असा दंडक आहे. काही माल फॉस्फेटच्या द्रावणात भिजवून अधिक पाणी धरण्यास लावलेला असतो. तो कढईत पडला की ते पाणी सोडू लागतो आणि आतून वेष्टन भिजवतो. मग कुरकुर टिकवण्यासाठी पीठ जाड करावे लागते, जाड पिठाला चव नसते म्हणून पाक वाढवावा लागतो, आणि पाक वाढला म्हणजे कोळंबी कमी घातली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. एका लबाडीची भरपाई दुसरीने करीत जाणारी ही साखळी शेवटी बंद डब्यात पुरी होते: गरम, पाकात बुडालेली कोळंबी झाकण लावून अर्धा तास गावभर फिरवली की, स्वतःच्या वाफेत ओली होऊन जे काही घरी पोचते, त्याला तळलेले म्हणणे हा भाषेचाही अपमान आहे.

हा प्रश्न केवळ जिभेच्या चोचल्यांचा आहे असे कोणी समजू नये. मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची व्हेनामी कोळंबी २००९ पासून आपल्याकडे तळ्यांत पाळली जाऊ लागली, आंध्र प्रदेश त्यात अग्रेसर झाला, आणि गोठवलेली कोळंबी ही भारताच्या मत्स्यनिर्यातीची मुख्य वस्तू व अमेरिका हे तिचे मुख्य गिऱ्हाईक ठरले. २०२५ च्या ऑगस्टअखेर त्या देशाने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा तळी राखणाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले आणि देशातच कोळंबीचे गिऱ्हाईक वाढवा असा सूर निघू लागला. जकातीचा दर पुढे काहीही होवो, हा सूर मला योग्य वाटतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदीची मुदत असते, त्या काळात तळ्यातली कोळंबी चांगल्या अवस्थेत देशावर पोचली तर त्यात कोणाचेच नुकसान नाही. परंतु ज्या गिऱ्हाइकाला कोळंबीची चव पाकाखालूनच कळली आहे, त्याच्या मागणीने तळेवाल्याचा धंदा उभा राहणार नाही. त्याला उद्या त्याच पाकात फ्लॉवरचे तुरे दिले तरी तो तितक्याच आनंदाने खाईल, आणि स्वस्त पडते म्हणून उपाहारगृहवालाही तेच देईल.

सबब माझे मागणे तीन कलमांचे आहे. कोळंबी समुद्राची की तळ्याची, ताजी की गोठवलेली, आणि ताटलीत नग किती, हे कार्डावर लिहिलेले असावे. बांधून देताना तळण हवेशीर कागदी वेष्टनात आणि पाक वेगळ्या डबीत द्यावा, म्हणजे घोळवण्याचे अर्ध्या मिनिटाचे काम घरी होईल. आणि गिऱ्हाइकाने पहिली कोळंबी पाकाविना, नुसती तळलेली मागून चाखण्याचा हक्क बजावावा. या तिसऱ्या कलमाला जो बल्लव हसतमुखाने रुकार देईल, त्याच्या हातचा पाक बिनदिक्कत खावा. जो कुरकुरेल, त्याच्याकडे डाळ-भात मागवावा हे उत्तम.