माशांस टायरचें घर
जुने टायर पाण्यांत बुडवून माशांस घरें करावीं, ही कल्पना ऐकावयास गोड वाटते: अडगळ गेली, मासेहि वाढले! अमेरिकेंत फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत १९७२ पासून सुमारें २० लक्ष टायर असेच समुद्रांत टाकण्यांत आले. त्यांच्या पट्ट्या तुटल्या, टायर वादळांत लोटले गेले, आणि शेजारच्या जिवंत पोंवळ्यांची त्यांनीं नासधूस केली. ते उपसण्यास २००७ सालीं लष्करी पाणबुडे लावावे लागले. आमच्या एकबुर्जी तलावांत तशा लाटा नाहींत. पण त्याचें पाणी वाशीमकर पितात, आणि रबरांतील विषारी द्रव्यें पाण्यांत झिरपतात. तेव्हां टायर नकोत, असें आमचें स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तळाशीं दगडांचे ढीग रचावे; पिलांस लपण्यास सांदी मिळतील. जागा मात्र भोई बांधवांस विचारून ठरवावी. जाळें कोठें पडतें, हें त्यांसच ठाऊक.