सापाला पापण्या नसतात

ओळखपत्राच्या फोटोला मी हटकून डोळे मिटतो आणि फोटोवाला माझ्यावर खेकसतो. अजगराला तेवढीही सोय नाही. सापाला पापण्याच नसतात. फ्लॅश कितीही चमको, बिचारा बघतच राहतो!

१९८१ साली रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी अजगर अंगावर घेतलेल्या नास्तास्या किन्स्कीचा गाजलेला फोटो काढला. अजगराची जीभ तिच्या कानाशी. लोक म्हणाले, 'वा, चुंबन!' अहो, कसलं चुंबन? साप जिभेनं वास घेतो. 'हे काय नवीन संकट?' एवढंच तो हुंगत असणार.

स्टुडिओत 'सुरक्षित' म्हणजे बाई सुरक्षित, कॅमेरा सुरक्षित. आम्हा बँकवाल्यांना अशी एकेरी नोंद चालत नाही. जमेला सुंदर फोटो, मग नावे कोणाच्या? सापाच्या अंगाची ऊब भोवतालावर अवलंबून. म्हणून खोली उबदार हवी. दिवा मंद हवा, काम थोडक्यात हवं. आणि 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकार प्राणी सांभाळणाऱ्याला हवा, फोटोवाल्याला नव्हे.

हे जमत नसेल, तर रबरी अजगर आणा. त्याच्यावर खुशाल खेकसा!