वडीवरचा संशय आणि पाठीवरचा पंप

यवतमाळ जिल्ह्याच्या खरिपात कपाशीच्या खालोखाल शेत व्यापले आहे ते सोयाबीनने. दारव्हा-दिग्रसपासून पुसद-उमरखेडपर्यंत दिवाळीच्या तोंडावर सोंगणी होते, मळणीयंत्रातून दाणा निघतो आणि बाजार समितीच्या आवारात जातो. तिथून तो तेलगिरणीत पोचतो. तेल आपल्या कढईत येते, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि जिल्ह्याच्या ताटात हे पीक परत येते ते मुख्यतः वडीच्या रूपाने. या वडीबद्दलच आता तरुणांत एक धास्ती पसरली आहे. सोयाबीन खाल्ल्याने पुरुषाची ताकद जाते, शुक्राणू घटतात, छाती वाढते, असे सांगितले जाते. भरतीसाठी पहाटे धावणारी मुले, व्यायामशाळेत जाणारी मुले, लग्नाला चार वर्षे होऊनही पाळणा न हललेली जोडपी, सगळ्यांपर्यंत हा सल्ला मोबाइलमधून पोचतो. ही धास्ती नुसती उडवून लावणे योग्य नव्हे. ती कुठून आली हे सांगितले पाहिजे आणि तिची जागा का चुकली आहे हेही सांगितले पाहिजे.

सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये असतात. जेनिस्टीन आणि डेडझीन ही त्यांतली मुख्य. त्यांची रचना इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी काहीशी जुळते. अशा वनस्पतिजन्य द्रव्यांचा प्रजननावर परिणाम होऊ शकतो, हे १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांमुळे लक्षात आले. तिथे क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर पोसलेल्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. पण त्या मेंढ्या दिवसभर तोच चारा खात होत्या आणि त्यांच्या पोटातले जंतू त्या द्रव्याचे अधिक प्रभावी रूप तयार करत होते. माणसाच्या शरीरात आयसोफ्लेव्होनचा जोर खऱ्या इस्ट्रोजेनच्या तुलनेत फारच क्षीण असतो. मेंढीच्या गव्हाणीवरून माणसाच्या ताटाचा निकाल लावता येत नाही.

माणसांबद्दलची शंका २००८ साली बळावली. अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या जोडप्यांतील ९९ पुरुषांचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. सर्वाधिक सोया खाणाऱ्या गटात शुक्राणूंची घनता, सोया अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा मिलिलिटरमागे सुमारे ४ कोटी १० लाखांनी कमी आढळली. शुक्राणूंची हालचाल आणि आकार यांत मात्र फरक नव्हता. त्या ९९ जणांतले बहुतेक जादा वजनाचे किंवा स्थूल होते आणि हा संबंध जादा वजनाच्या पुरुषांतच अधिक ठळक होता. त्याच वर्षी साठीच्या एका गृहस्थाची हकीकतही वैद्यकीय नियतकालिकात आली. ते रोज सुमारे तीन लिटर सोयादूध पीत होते आणि त्यांच्या छातीला सूज आली होती. दूध बंद केल्यावर ती ओसरली. आज मोबाइलवर फिरणारा सारा मजकूर या दोन गोष्टींच्या आधारावर उभा आहे.

त्यानंतर काय झाले, हे त्या मजकुरात नसते. २०१० साली उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सोयाने पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२१ साली ४१ अभ्यासांचा नवा आढावा आला. मात्रा कितीही असो आणि काळ कितीही असो, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन या दोन्हींची पातळी बदललेली दिसली नाही. शंका निर्माण झाली होती त्याच बोस्टनच्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या १८४ पुरुषांचाही २०१५ मध्ये अभ्यास झाला. नवऱ्याने सोया किती खाल्ले याचा गर्भ राहण्याशी किंवा मूल जन्मण्याशी संबंध आढळला नाही. जपान, चीन, इंडोनेशियात तर टोफू, टेंपे, सोयादूध पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या जेवणात आहे. ९९ जणांचा एक अभ्यास विचार करायला लावतो, हे खरे. पण त्यानंतरच्या पुराव्यांचे वजन दुसऱ्या पारड्यात पडले आहे.

आठवड्यातून दोन-चार वेळा वडीची भाजी खाणाऱ्या, पोळीच्या पिठात मूठभर सोयाबीन दळून घालणाऱ्या घराने म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पथ्ये आहेत ती वेगळी. कच्चा दाणा खाऊ नये, कारण त्यातला ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिने पचू देत नाही. तो भिजवून नीट शिजवला किंवा भाजला पाहिजे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत अंतर ठेवावे. आणि तीन लिटर सोयादूध कोणीच पिऊ नये.

या धास्तीची किंमत मात्र खरी आहे. सोयाबीनच्या दाण्यात ३६ ते ४० टक्के प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत २२ टक्क्यांच्या आसपास. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला पन्नासच्या आत, आणि बाजारात तर तेवढाही मिळाला नाही. ज्या घराला डाळ पातळ करून पुरवावी लागते, त्या घराकडे एवढ्या स्वस्त प्रथिनांचा दुसरा पर्याय फारसा नाही. शाळेच्या मध्यान्ह भोजनासाठी राज्याने २०२४ मध्ये ठरवलेल्या पाककृतींत सोयाबीन पुलाव होता, तो याच विचाराने. वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटातून कोणी ऐकीव भीतीपोटी वडी काढून टाकत असेल, तर आपल्याच शेतातले सकस अन्न त्याच्या तोंडातून काढून घेतले जाते.

पुरुषाच्या प्रजननक्षमतेची काळजी करणे मात्र अजिबात चुकीचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत कारणाचा काही ना काही वाटा पुरुषाकडे असतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १९७३ ते २०१८ या काळात शुक्राणूंची सरासरी घनता निम्म्याने घटल्याचे दिसले. प्रश्न मोठा आहे म्हणूनच बोट योग्य जागी ठेवायला हवे. यवतमाळमध्ये ती जागा शोधायला फार दूर जावे लागत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आठशेंच्या आसपास लोक रुग्णालयात दाखल झाले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्याही वर वाढली होती, त्यामुळे फवारा थेट चेहऱ्यावर येत होता. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळली जात होती. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, अॅसिफेट ही नावे तेव्हा घराघरांत पोचली. ही तिन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली, मज्जासंस्थेवर घाला घालणारी. शासनाने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही घातली. मृत्यू झाले म्हणून ती बातमी झाली. पण जो मरत नाही, ज्याला फक्त डोके दुखून मळमळते आणि जो दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतो, त्याच्या शरीराचे काय होते?

याची उत्तरे बाहेर मिळतात, आणि आपल्या देशातही. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लेथ्रोप इथल्या कारखान्यात, डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक तयार करणाऱ्या विभागातल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आले की आपल्याला मुलेच होत नाहीत. तपासणीत अनेकांचे शुक्राणू घटलेले, काहींचे शून्य आढळले. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. भारतात १९९१ साली हैदराबादच्या संशोधकांनी कपाशीच्या शेतात फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या १,०१६ जोडप्यांची तुलना फवारणीशी संबंध नसलेल्या १,०२० जोडप्यांशी केली. फवारणी करणाऱ्यांत प्रजननक्षम पुरुषांचे प्रमाण कमी होते आणि त्यांच्या घरांत गर्भपात व मृत बालकांचे जन्म अधिक होते. २०२३ च्या आढाव्यात १,७७४ पुरुषांवरचे अभ्यास एकत्र पाहिले गेले. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशकांचा जास्त संपर्क असलेल्यांत शुक्राणूंची घनता कमी आढळली. सोयाबीनच्या पिकावरही चक्रीभुंगा, खोडमाशी, उंटअळीसाठी फवारणी होतेच. धोका दाण्यात शोधला जात आहे आणि तो आहे त्या दाण्यावरच्या फवाऱ्यात.

दुसरी जागा पानठेल्यावर आहे. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भातल्या तरुणांच्या तोंडात सकाळपासून असतो. वंध्यत्वाच्या तपासणीला आलेल्या ६३८ भारतीय पुरुषांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून जितक्या जास्त वेळा तंबाखू चघळली जाते, तितकी शुक्राणूंची प्रत खालावलेली त्यात दिसली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी खर्रा हातोहात मिळतो. फवारणीच्या धुऱ्यावर तर हे दोन्ही धोके एकत्र येतात, कारण औषध कालवलेल्या हातानेच खर्रा तोंडात टाकला जातो.

या सगळ्याचा भार पडतो तो बाईवर. मूल झाले नाही की आधी सुनेला दवाखान्यात नेतात, तिच्या तपासण्या, तिचे उपास, तिला बोल. नवऱ्याची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी असूनही ती शेवटी होते, किंवा होतच नाही. पुरुषाची तपासणी आधी किंवा बरोबरीने झाली पाहिजे, हे प्रत्येक आशाताईने आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने जोडप्याला स्पष्ट सांगावे. एक गोष्ट दिलासा देणारीही आहे. शुक्राणू तयार होण्याचे चक्र सुमारे अडीच महिन्यांचे असते. जुलै-ऑगस्टमधल्या फवारणीचा परिणाम दिवाळीच्या सुमाराच्या तपासणीत दिसू शकतो आणि संपर्क थांबला तर अनेकदा पुढच्या चक्रांत सुधारणाही दिसते. म्हणून हंगामातल्या एकाच अहवालावर कोणाच्या कपाळी कायमचा शिक्का मारू नये.

मागण्या साध्या आहेत. जून उजाडण्याआधी फवारणी करणाऱ्या प्रत्येक मजुराला मुखपट्टी, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण अंग झाकणारा पोशाख मिळावा, आणि तो उन्हात घालवेल असा असावा. कृषी केंद्रांतून मिश्रणाचे तोंडी सल्ले देणे बंद व्हावे. जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयांत वीर्यतपासणी मोफत आणि गोपनीय असावी आणि केसपेपरवर फवारणीची नोंद घेतली जावी. पीडित म्हणून ज्यांची नावे २०१७ मध्ये नोंदली गेली, त्यांच्या प्रजनन-आरोग्याची पाहणी वैद्यकीय महाविद्यालयाने हाती घ्यावी. पंप मालकाचा, औषध मालकाचे आणि अंग मजुराचे, ही व्यवस्था आहे तोवर सुरक्षेची जबाबदारी मजुराच्या समजुतीवर सोडता येणार नाही.

आणि तरुणांना एकच सांगणे आहे. वडी निर्धास्तपणे खा, खर्रा सोडा, उघड्या अंगाने पंप उचलू नका. तुमच्या बाप होण्याला धोका स्वयंपाकघरातून आलेला नाही, तो धुऱ्यावरून आला आहे. त्याच्याशी लढायचे तर ताटातली वडी बाजूला सारून काही होणार नाही. संरक्षक पोशाख मागावा लागेल, आणि तो मिळेपर्यंत पंपाला हात न लावण्याचा तुमचा हक्क गावाने आणि सरकारने मान्य करावा लागेल.