माळढोक दिसला? गप्प बसू नका

सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगरच्या माळावर राबणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांनो, ज्वारीचं रान धरणाऱ्यांनो, पहाटे दुधाचे कॅन घेऊन नान्नज-मार्डीच्या रस्त्यानं जाणाऱ्यांनो, दोन मिनिटं काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे मोठ्यानं वाचून दाखवा. माळाची खबर त्यांच्याइतकी कुणाला असते?

माळढोक संपत आलाय. सगळ्या देशात मिळून मोकळ्या रानात दीडशेही उरले नसावेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे. आपल्याकडे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. पावसाळा लागला की गळ्याची पिशवी फुगवून नर माळावर घुमायचा. गेली काही वर्षं नान्नजला एखादी मादी दिसली तरी त्याची बातमी होते. ही मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते कावळ्यानं फोडलं, कुत्र्यानं नेलं, की ते वर्ष वाया गेलं.

अशा वेळी तुमची नजर लाखमोलाची आहे. वनरक्षक मोजके आहेत आणि हा पक्षी अभयारण्याची हद्द पाळत नाही. आज गवतात, उद्या तुमच्या हरभऱ्यात. तो तुम्हालाच आधी दिसणार.

पण नीट बघा. लांडोरीला माळढोक समजून फोन गेले, तर खऱ्या फोनकडेही दुर्लक्ष होतं. माळढोक उभा राहिला की माणसाच्या कमरेच्या वर येतो. पाठ तपकिरी, मान लांब आणि फिकट, जवळजवळ पांढरी. डोक्यावर काळी टोपी. नराच्या छातीवर काळा पट्टा असतो, मादीच्या छातीवर तो तुटक किंवा पुसट असतो. लांडोरीची मान हिरवट असते आणि डोक्यावर उभा तुरा असतो, तसा माळढोकाला नाही. करकोच्यासारखी लांब चोचही नाही. हिवाळ्यात थव्यानं उतरणारे राखी क्रौंच वेगळे. झाडावर बसलेला दिसला, तर तो माळढोक नाहीच. त्याच्या पायाला मागचं बोटच नसतं, फांदी धरणार कशी? ओल्या मातीत मोठं पाऊल उमटलेलं दिसलं तर वाका आणि बघा. पुढं तीन जाड बोटं आणि मागं काहीच नाही, असा ठसा असेल तर तो मोडू नका. शेजारी काडी रोवा, फोटो काढा.

दिसला, तर जागेवरच थांबा. जवळ जाऊ नका. कुत्रं सोबत असेल तर त्याला धरा, शेळ्या बाजूला वळवा. मादी खाली बसलेली असेल आणि उठत नसेल, तर ती बहुतेक अंड्यावर आहे. तिथून लगेच मागं फिरा. तिला उठवलंत आणि अंडं उघडं पडलं, तर कावळ्याला पाच मिनिटं पुरतात. वेळ, गावाचं नाव, जमलं तर गट नंबर आणि पक्षी कुठल्या दिशेनं गेला, एवढं ध्यानात ठेवा आणि वन विभागाला कळवा.

आता जे अवघड आहे ते बोलू. पक्षी दिसूनही कितीतरी माणसं गप्प बसतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही. हे अभयारण्य सुरुवातीला जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, लोकांची वहिवाटीची शेतं आली. जमिनीचे व्यवहार अडले, कामं रखडली. माळढोक म्हणजे कटकट, हे लोकांच्या मनात बसलं ते उगाच नाही. पुढं हद्द कमी होऊन सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आली. पण भीती काही उतरली नाही. ‘दिसला म्हणून सांगितलं तर रान जाईल,’ असं आजही पारावर ऐकू येतं. नाही जात. अभयारण्याची हद्द सरकारी अधिसूचनेनं ठरते, वनरक्षकाच्या वहीतल्या नोंदीनं नाही. तुमच्या शेतात पक्षी उतरला म्हणून सातबारा बदलत नाही. मात्र तुम्ही गप्प राहिलात, तर त्या रानात फवारणी कधी आहे, मोकाट कुत्री कुठं आहेत, वरून कुठली तार जाते, हे बघायला कुणी येणारच नाही.

तारांचं तर फारच वाईट आहे. माळढोकाला बाजूचं दिसतं, पण समोरचं नीट दिसत नाही. अंगानं जड, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. तारेखाली मोठा पक्षी मरून पडलेला दिसला, तर पुरू नका, हलवू नका. जवळच्या खांबावर रंगवलेला नंबर टिपून घ्या आणि तोही कळवा. एका खांबाचा नंबर मिळाला, तर पुढचा पक्षी वाचवता येईल.

आणि पोरांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. फोटो लांबूनच काढा. गाडी माळात घालू नका, ड्रोन उडवू नका. जागेचं नाव टाकून व्हॉट्सअॅपवर, इन्स्टावर तर मुळीच चढवू नका. चढवलंत तर रविवारी तिथं पंचवीस गाड्या येतील, आणि मागोमाग वाईट हेतूचा एखादाही येईल. माळढोकाच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे, पण मेलेल्या पक्ष्याला कैदेचा काय उपयोग? फोटो वनरक्षकाला द्या. मित्रांना पुढच्या वर्षी दाखवा.

हा प्रश्न तुमच्या घराचाही आहे. जिथं माळढोक टिकतो तिथं कुसळी गवत टिकतं, आणि त्याच गवतावर तुमच्या शेळ्या जगतात. माळाला पडीक म्हणत आपण तो नांगरला, ऊस लावला, कुठं झाडंच झाडं लावून टाकली. मेंढरामागं पोरं घेऊन फिरणाऱ्या घरांनी चारा कुठून आणायचा? उरलेला माळ राखायला सबळ कारण लागतं, आणि या पक्ष्याएवढं सबळ कारण तुमच्याकडे दुसरं नाही. तो तिथं आहे, हे कागदावर यायला हवं. ते तुमच्याच तोंडून येईल.

तेव्हा आजच करा. वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर फोनमध्ये घाला. शेळ्या राखणाऱ्या पोराच्या फोनमध्येही घाला. तुमच्या बीटाच्या वनरक्षकाचा नंबर ग्रामपंचायतीत मागा आणि दुधाच्या डेअरीत, पिठाच्या गिरणीत भिंतीवर लिहून ठेवा. नीट बघूनही खात्री नसली तरी फोन करा. ‘लांडोर असेल, पण मान पांढरी वाटली,’ एवढंच सांगा. तपासायचं काम त्यांचं. आणि फोन उचलला नाही, तर गावातल्या दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा, पण त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी पक्षी तिथं असेलच असं नाही.