चापाचा दोष की थंडीचा?

गेल्या हिवाळ्यात मंडळातली आम्ही काही जण पेंटबॉल खेळायला गेलो. भाड्याच्या मार्करचा चाप एकदा ओढला की तीन-तीन गोळ्या सुटत. आम्ही लगेच ॲलन की घेऊन चापाचा स्क्रू पिळला (पीएच.डी.चा उपयोग!). पंचांनी मैदानाबाहेर काढले, आणि योग्यच केले. जर्मनीत एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटली पाहिजे.

दोष चापात नव्हताच. बाटलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब २० अंशांना सुमारे ५७ बार, शून्याला जेमतेम ३५. दाब कमी पडला की आतली हातोडी पुरती मागे जात नाही, खटक्यात अडकत नाही आणि पुन्हा पुन्हा आदळते. तेव्हा आधी बाटली बदलावी, दाबलेल्या हवेची मिळाली तर उत्तम. तरीही तसेच झाले तर खटका झिजला असेल; मार्कर परत करावा. स्क्रूला हात लावू नये.

पुढच्या वेळी येणाऱ्यांचे वय १८ पूर्ण हवे. मार्करवर पंचकोनातला ‘एफ’ आहे ना, तेही पाहून घ्यावे.